खालचा पाईप

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांवर गेला की गॅरेजपुढे बॉनेट उघडलेल्या गाड्यांची रांग लागते. लोक म्हणतात, गाडीला ऊन बाधलं. माझा अनुभव वेगळा आहे. आधीपासून लपून बसलेलं दुखणं ऊन फक्त बाहेर काढतं. हिशेब साधा आहे. रेडिएटरमधलं पाणी ९० अंशांचं धरलं, तर जानेवारीच्या पहाटे १० अंशांच्या हवेशी त्याचं अंतर ८० अंशांचं. मेच्या दुपारी ते ४५वर येतं. रेडिएटर याच अंतराच्या जोरावर उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे उन्हाळ्यात त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. अर्धवट चोंदलेला रेडिएटर हिवाळा निभावून नेतो, मे महिन्यात हात टेकतो.

चोपड्याकडच्या एका केळीवाल्या शेतकऱ्याची पिकअप अशीच आली. केळी भरून अमळनेर, धुळे करत तो नाशिककडे जायचा. रेडिएटर उघडला तर नळ्यांमध्ये पांढरा क्षार दगडासारखा बसलेला. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं होतं. नवा रेडिएटर टाकला, वरचा-खालचा रबरी पाईप बदलला, कूलंट भरलं, हवा काढली. काम नीट झालं, या समाधानात गाडी दिली.

आठ दिवसांनी फोन. “मिस्तरी, गाडी परत तपनी. लळिंगना घाटमा.”

गाडी पुन्हा आली. अर्धा तास चालू ठेवली. पंखा जोरात, काटा मधोमध. तरीही वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, बदलली, थर्मोस्टॅट नवा घातला. तो काढूनच टाका, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. पण काही इंजिनांत तो काढला की बायपासची वाट कायम उघडी राहते आणि थोडं पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम परत फिरतं. रेडिएटरची कॅपही तपासली. ती दाब धरते म्हणून पाणी १०० अंशांना उकळत नाही. कॅप सैल झाली तर बाकी सगळं चांगलं असूनही गाडी उकळते. कॅप ठीक होती.

तिसऱ्यांदा गाडी आली तेव्हा मी हेड खोलायला निघालो होतो. खरं तर हेडचं गॅस्केट गेल्याची एकही खूण नव्हती. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, ऑइल दुधाळ नाही, पांढरा धूर नाही. बाकी सगळं बदलून झालं होतं, एवढंच कारण. पाना हातात घेतला आणि मनाला ते पटेना. हेडचा खर्च म्हणजे या माणसाच्या दोन-तीन खेपांची कमाई.

मग त्याला शेजारी बसवलं आणि जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं. उभी असताना तापते की पळताना? उभी असताना तापली तर आधी पंखा बघायचा. चढावर किंवा जोरात असताना तापली तर पाण्याचा प्रवाह. सुरू करताच पाईप टणक झाले तर गॅस्केट. तो म्हणाला, घाटात तिसऱ्या गिअरात इंजिन ओरडायला लागलं की काटा चढतो, पाय काढला की मिनिटाभरात उतरतो.

पाय काढला की उतरतो! गॅस्केट इतक्या सहज माघार घेत नाही.

इंजिन चांगलं तापू दिलं. त्याला रेस द्यायला सांगून मी टॉर्च घेऊन खाली वाकलो. रेस वाढली तसा खालचा पाईप आत ओढला गेला आणि रस काढलेल्या चिपाडासारखा चपटा झाला. रेस सोडली, पुन्हा गोल. वॉटर बॉडी याच पाईपातून रेडिएटरचं पाणी ओढते. ओढ वाढली की तापून मऊ पडलेलं रबर मिटत होतं आणि पाण्याची वाटच बंद होत होती. भंगारातून जुना पाईप शोधून काढला. त्याच्या आत तारेची स्प्रिंग होती, गंजलेली, पण पाईपाला उभं धरणारी. मी घातलेल्या नव्या पाईपात ती नव्हती. बसवण्याआधी मी आत डोकावलो नव्हतो.

त्यालाही वाकून बघायला सांगितलं. विहिरीवरचा पंप हाताळणारा माणूस तो, लगेच म्हणाला, “सक्शनले मऊ पाईप लावस का कोनी?” डिलिव्हरीला लोळता पाईप चालतो, सक्शनला कडकच लागतो. हे मीही लहानपणापासून शेतात पाहिलेलं.

पहिला दोष क्षाराचा होता आणि तो खरोखर गेला होता. दुसरा मी माझ्या हातांनी बसवला. लक्षण तेच राहिलं, म्हणून मी समजलो की दुखणंही तेच आहे, आणि जुन्या कारणाच्या मागे आणखी खोल जात राहिलो. तेव्हापासून दुरुस्त केलेली गाडी परत तापून आली की मी आधी माझं बिल वाचतो. माझ्या हातांनी काय काय बदललं, त्याची यादी तिथंच असते.

स्प्रिंगवाला पाईप घातला, वॉटर बॉडीचे पैसे परत दिले आणि पुढच्या खेपेला भरल्या गाडीत त्याच्या शेजारी बसलो. लळिंगचा किल्ला दिसू लागला, तिसरा गिअर पडला, इंजिन ओरडलं. आम्ही दोघंही रस्त्याऐवजी काट्याकडेच जास्त बघत होतो. घाट संपला तरी तो जागचा हलला नाही.