जामीन कोण राहणार?

एस्थर अफुआ ओक्लू यांची गोष्ट सांगणारे बहुतेक जण १० शिलिंगांपाशी रेंगाळतात. गोष्ट आहेच तशी. १९१९ साली गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, पेकी भागात लोहाराच्या घरी जन्मलेली ही मुलगी शिष्यवृत्तीवर आक्राजवळच्या अचिमोटा शाळेत शिकली. नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी हातावर १० शिलिंग ठेवले. त्यातल्या सहांत तिने संत्री, साखर, बरण्या आणल्या, मार्मालेड शिजवलं आणि रस्त्याकडेला उभं राहून १२ बरण्या १२ शिलिंगांना विकल्या. शाळासोबती हसले. एवढं शिकून ही फेरीवाली झाली!

मला मात्र त्यापुढचा प्रसंग मोठा वाटतो. अचिमोटाने नियमित माल घ्यायचं कबूल केलं, मग लष्कराकडूनही मागणी आली. त्या कंत्राटाच्या बळावर तिला बँकेचं कर्ज मिळालं आणि १९४२ मध्ये माहेरच्या नावाने ‘न्कुलेनू’ हा उद्योग उभा राहिला. बाई तीच, संत्री तीच, हाताची चवही तीच. फरक एवढाच, की आता तिच्या अर्जामागे लष्कराचा कागद होता.

माझी सगळी नोकरी एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात झाली. समोर बसलेली बाई पापडाचा, मसाल्याचा, शिवणकामाचा हिशेब तोंडपाठ सांगायची. किती हप्ता झेपेल तेही तिला पक्कं ठाऊक असायचं. जामीनदारांच्या रकान्याशी आलो की ती गप्प व्हायची. पगारदार माणूस ओळखीत नसायचा, आणि असला तरी सही मागायला तिची जीभ रेटायची नाही. तो रकाना इतक्यांदा कोरा पाहिला आहे की ओक्लूबाईंनी पुढे जे केलं त्याची किंमत मला पुस्तकाबाहेरही कळते.

१९४९ ते १९५१ या काळात इंग्लंडमध्ये अन्नप्रक्रिया शिकून त्या परतल्या. स्वतंत्र घानातल्या उद्योजकांच्या महासंघाच्या त्या पहिल्या अध्यक्ष. इथे थांबल्या असत्या तरी नाव राहिलं असतं. पण १९७५ मध्ये मेक्सिको सिटीत संयुक्त राष्ट्रांची महिला परिषद भरली, त्या तिथे गेल्या आणि बायकांना मिळणाऱ्या कर्जाचा विषय निघाला. त्याच परिषदेत इला भट्ट होत्या. अहमदाबादेत त्यांच्या ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेची बँक सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. वित्तक्षेत्रात काम केलेल्या अमेरिकेच्या मिकेला वॉल्शही होत्या. या ओळखींतून १९७९ मध्ये ‘विमेन्स वर्ल्ड बँकिंग’ स्थापन झाली आणि ओक्लूबाई तिच्या संचालक मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

संस्थेने सुरुवातीला स्वतः पैसे वाटले नाहीत, ती जामीन राहिली. कर्ज द्यायचं गावातल्याच बँकेने. ते बुडालं तर निम्मी झळ या संस्थेने सोसायची, पाव स्थानिक महिला संस्थेने आणि उरलेली पाव खुद्द बँकेने. ही शेवटची पाव मला फार शहाणपणाची वाटते. तेवढा भार अंगावर असला की बँक अर्जदार बाईला नीट ओळखून घेते, उपकार केल्याच्या थाटात फाइल पुढे सरकवत नाही.

ओक्लूबाई बाजारातल्या बायकांना खर्चाचा हिशेबही शिकवत. तांदूळ, तेल, जळण धरायचं आणि स्वतःच्या श्रमाची मजुरी मात्र धरायचीच नाही, ही खोड त्यांनी हेरली होती. नीट आकडे मांडल्यावर रस्त्यावर भात-रस्सा विकणारी एखादी बाई कचेरीतल्या नोकरदार बाईपेक्षा जास्त कमावते हेही त्यांना दिसलं. अशा बाईला गरीब म्हणून दया दाखवण्यात काय अर्थ? १९९० मध्ये उपासमारीविरुद्धच्या कामासाठी त्यांना आफ्रिका पुरस्कार मिळाला, नायजेरियाचे माजी राष्ट्रप्रमुख ओबासांजो यांच्याबरोबर विभागून. २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा घानाने शासकीय इतमामात निरोप दिला.

आज लघुकर्ज देणारे गल्लोगल्ली फिरतात आणि एकीचा हप्ता चुकला की गटातल्या बाकीच्या बायकांच्या दारात उभे राहतात. सगळी जोखीम पुन्हा बायकांच्याच पदरात. याला ओक्लूबाईंची परंपरा म्हणायला मी तयार नाही. त्यांच्या मांडणीत बाईच्या मागे उभं राहायची जबाबदारी तिच्याहून मोठ्या संस्थांची होती, आणि बँकेलाही त्यातून सुटका नव्हती.