कसं वाटतं?

मार्चमध्ये एका बाईंनी येणं थांबवलं आणि मी त्यांच्या चार भेटींचं रेकॉर्डिंग ऐकायला बसले. रेकॉर्डिंग त्यांच्या संमतीनं केलेलं. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. तिसऱ्या भेटीत मी विचारते, "सासूबाई गेल्या तेव्हा कसं वाटलं?" त्या म्हणतात, "मला वाटलं, दवाखान्यात लवकर न्यायला हवं होतं." मी पुन्हा विचारते, "पण वाटलं काय?" "तेच, उशीर झाला." तिसऱ्यांदा मी विचारतच नाही, शब्दच पुढे करते: "म्हणजे अपराधी वाटलं." जरा थांबून त्या म्हणतात, "हो मॅडम."

तो सूर मी २१ वर्षं ऐकलेला आहे. फळ्यावरचं उत्तर वहीत उतरवून घेणाऱ्या मुलीचा.

सातारा जिल्ह्यातल्या शाळेत मी मराठी शिकवत होते. ४७व्या वर्षी नोकरी सोडून समुपदेशन शिकायला पुण्यात आले, ती भाषा हेच आपलं भांडवल असं धरून. रोल-प्लेमध्ये बरोबरची तरुण मुलं अडखळत, मला शब्द सुचत: हुरहुर, घुसमट, खंत, विषाद. नेमका शब्द लागला की मला आनंद होई. निबंधाला पैकीच्या पैकी गुण मिळाल्याचा आनंद, आणि तो मी दुसऱ्याच्या दुःखासमोर बसून घेत होते.

मराठीत विचारही 'वाटतो' आणि भावनाही 'वाटते'. बोलताना हे किती सोयीचं, आणि आमच्या कामात किती अवघड! अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेल्या पद्धतीत घटना, तिच्याविषयीचा विचार आणि त्यातून उठणारी भावना असे तीन पदर सोडवायचे असतात. कि. मो. फडके यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ती मराठीत रुजवली. माझा ओढा तिकडेच आहे, कारण ती माणसाला त्याच्या विचाराची जबाबदारी देते. पण पदर सोडवायला बसले की 'वाटतं'ची गाठ बोटांत येते. एलिस रास्त काळजी आणि मनाला पोखरणारी चिंता यांत भेद करतात. आपल्याकडे रात्रभर डोळा न लागलेली आईही "काळजी वाटत होती" एवढंच म्हणते. त्यात माया किती आणि भीती किती, हे मी तिला कोणत्या क्रियापदानं विचारू? "काय झालं मनाला?" विचारून पाहिलं, नाटकी झालं. "मनात काय आलं?" विचारलं की पुन्हा विचारच येतात.

आमच्या सुपरवायझर बाई भेटीतला शब्दन् शब्द लिहून काढायला लावतात, मधल्या शांततेसकट. कार्ल रॉजर्स यांनी १९४२च्या पुस्तकात एका माणसाच्या आठही भेटी अशा शब्दशः छापल्या. आपलं बोलणं असं उघड्यावर ठेवायला छाती लागते. माझ्या कागदांवर माझ्याच ओळी जास्त निघाल्या.

हल्ली लोक रील्सवरून तयार शब्द घेऊन येतात: ट्रॉमा, टॉक्सिक. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून असे शब्द वाटणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. दुखणं अजून बोलायला लागायच्या आत त्याचं बारसं उरकतात! पण 'अपराधी' वाटताना मी तरी वेगळं काय केलं? माझा शब्द शुद्ध मराठी होता, एवढंच.

रेकॉर्डिंगमध्ये आणखी एक वाक्य आहे. "त्यांच्या खोलीत गेलं की माझे हात गार पडतात." चार भेटींत त्या हे तीनदा म्हणाल्या. तिन्ही वेळा मी पुढचा प्रश्न विचारला. भावना तिथे होती, हातांत, आणि मी तिचं नाव शोधत बसले होते. त्या बाईंना आता हे सांगता येणार नाही.

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ म्हणाले, "घरी गेलं की कसंतरी होतं." हा 'कसंतरी' मी मुलांच्या निबंधांत शेकडो वेळा लाल शाईनं खोडला असेल. 'उदास' जिभेवर आला, तो गिळला. बराच वेळ ते चटईकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दारात चपला काढाव्याशा वाटत नाहीत."

मी विचारलं, "मग किती वेळ उभे राहता?"