यंदा किती टक्के?

नवरात्र सरलं की लालबागच्या आमच्या चाळीत एकच प्रश्न फिरायचा, "यंदा किती टक्के?" माझे वडील, अण्णा, कापडगिरणीच्या साचेखात्यात होते. बोनसचा आकडा गिरणीच्या फाटकावरच्या फळ्यावर लागला की संध्याकाळपर्यंत पोरासोरांनाही पाठ. पगाराप्रमाणे रक्कम कमीजास्त व्हायची, टक्का मात्र सगळ्यांचा एकच. त्यातून वाण्याची उधारी फिटायची, कोकणात मनिऑर्डर जायची, उरलेल्यात आमचे कपडे.

हा टक्का आपोआप टिकलेला नव्हता. पहिल्या महायुद्धात गिरण्यांना नफा झाला, तेव्हा १९१७ मध्ये मुंबईत दहा टक्के युद्धबोनस सुरू झाला. पुढे मालकांनी तो नाकारला म्हणून १९२४ मध्ये संप झाला. १९६५ मध्ये बोनसचा कायदा आला. आज कायद्याने किमान ८.३३ टक्के आहे, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, आणि कमाल २० टक्के. १९८२ च्या गिरणी संपाची ठिणगीही बोनसवरूनच पडली. त्यानंतर अण्णांच्या हातात बोनस कधी आला नाही.

माझी लेक हिंजवडीत एका कंपनीत आहे. तिच्याकडे बोनसला व्हेरिएबल पे म्हणतात; त्यात कंपनीचा नफा, तिच्या विभागाचं काम आणि तिचं स्वतःचं रेटिंग, अशा तिन्हींचा हिशोब असतो. रेटिंग ठरवायला मॅनेजर बंद खोलीत बसतात. वरच्या श्रेणीत किती आणि तळाला किती, हे आधीच ठरलेलं. दहाही जण राबले तरी एकाला तळाला जावंच लागतं. जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च यांनी वीस-सत्तर-दहाची अशीच विभागणी रुजवली होती. मायक्रोसॉफ्टने आपल्याकडची क्रमवारी २०१३ मध्ये सोडली, तिच्या कंपनीत ती अजून आहे.

जुनं सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. बदली कामगाराची हजेरी कमी भरे, त्याचा बोनसही तुटपुंजा असे. आणि कामाप्रमाणे दाम ही काही नवी गोष्ट नाही. साच्यावरच्या विणकराचा पगार उतरलेल्या कापडावरच ठरे. पण तिथे कापड मोजत. इथे माणसाला शेजारच्या माणसाशी मोजतात, आणि हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

गेल्या वर्षी तिच्या व्हेरिएबल पेचं पत्र आलं तेव्हा मी विचारलं, "तुझ्या मैत्रिणीला किती मिळाले?" ती म्हणाली, "बाबा, ते विचारायचं नसतं."

कुणाला किती मिळाले, हे नका सांगू. पण कशाचे किती, एवढं तरी कंपन्यांनी अण्णांच्या गिरणीसारखं फळ्यावर लावावं.