नावाआधीचे अक्षर

दिवाळीआधीची साफसफाई म्हणजे आमच्या घरातला एक वार्षिक संकटकाळ! यंदा माळ्यावरच्या ट्रंकेमागून एक गाठोडे खाली आले. आईच्या विटक्या नऊवारीत गुंडाळलेली लाकडी पाटी, आणि तिच्यावर पितळी अक्षरांत अण्णांचे, माझ्या वडिलांचे नाव. चाळ पाडून इमारत बांधायचे ठरले, तेव्हा अण्णांनी ती स्वतःच्या हाताने उतरवली होती. मी स्टूल धरून उभी होते. "दोन्ही मुलीच," ते हसत म्हणाले, "तेव्हा हे आडनावही आता पाटीबरोबरच उतरलं म्हणायचं!" मीही हसले. पुढल्या श्रावणात अण्णा गेले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

एरवी मी ती पाटी पुन्हा गुंडाळून वर ठेवली असती. पण या खेपेला हातात धरून बसून राहिले, याला कारण झाली एक आयरिश बाई.

माझी लेक आयर्लंडमध्ये लिमरिकला शिकते. गेल्या मे महिन्यात मी तिच्याकडे पंधरा दिवस राहून आले. तिच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या, शाळेत आयरिश भाषा शिकवून निवृत्त झालेल्या. दारावर यजमानांचे आडनाव; पण कपाटातल्या प्रत्येक पुस्तकावर सही निराळीच, 'नी व्रीअन' अशी. व्याकरणाचा वास आला की मराठीच्या मास्तरणीला कुठे चैन पडायला! मी विचारले, "या कोण?"

"मीच की! माहेरची ओब्रायन," बाई म्हणाल्या आणि त्यांनी चहाचे आधण ठेवले.

'ओ' म्हणजे नातू, आणि पुढे अर्थ वाढत जाऊन वंशज. 'मॅक' म्हणजे मुलगा. लिमरिकहून शॅनन नदीच्या काठाने वर गेले की किलालू नावाचे गाव लागते. तिथे ब्रायन बोरू या राजाचा वाडा होता. साऱ्या आयर्लंडचा अधिराजा झालेला हा पुरुष १०१४ साली डब्लिनजवळच्या क्लॉन्टार्फच्या लढाईत, गुड फ्रायडेच्या दिवशी मारला गेला. त्याचा नातू टर्लो पुढे मन्स्टरचा राजा झाला. तो अगदी शब्दशः 'ओ ब्रायन', म्हणजे ब्रायनचा नातू. टर्लोच्या मुलांनीही तेच नाव चालवले, त्यांच्या मुलांनीही. आणि नात्याचा शब्द आडनाव होऊन बसला. पिढ्यान् पिढ्या चालणारी आडनावे युरोपात ज्या देशांत सर्वांत आधी रुजली, त्यांत आयर्लंड आहे.

मला मोठी गंमत वाटली. आपली 'कर'वाली आडनावे माणसाला विचारतात, "गाव कोणतं?" यांची विचारतात, "नातू कुणाचा?" मी बाईंना 'कर' समजावून सांगू लागले, तर त्यांनी मलाच थांबवले. "ते आम्हांला ठाऊक आहे. वराडकर!" मी विसरलेच होते! २०१७ साली या देशाचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर २०२० पर्यंत त्या पदावर होते, आणि २०२२च्या अखेरीपासून २०२४ पर्यंत पुन्हा. त्यांचे वडील मुंबईचे डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड. कोकणातल्या एका खेड्याचे नाव 'ओ' आणि 'मॅक' यांच्या गर्दीत सर्वांत वरच्या खुर्चीवर जाऊन बसले होते.

"पण गावाची नावं लावायची आमच्यावर एकदा सक्ती झाली होती," बाई म्हणाल्या. १४६५ सालचा तो कायदा. डब्लिनच्या आसपास इंग्रजांचा अंमल असलेल्या मुलखातल्या आयरिश लोकांनी इंग्रजी आडनाव घ्यावे. ते एखाद्या गावाचे असावे, रंगाचे असावे, नाही तर धंद्याचे! शॅननकाठचे ओब्रायन तेव्हा या कायद्याबाहेर होते. पण १५४३ साली मरो ओब्रायन आठव्या हेन्रीपुढे नमला आणि राजाचा 'अर्ल ऑफ थॉमंड' झाला. पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्रजी अंमल पक्का झाला, तसतसे असंख्य घरांनी नावाआधीचे अक्षर गाळून टाकले. ओब्रायनचे नुसते ब्रायन झाले. नोकरी हवी, कूळ म्हणून जमीन हवी, तर 'ओ' कशाला मिरवा?

मग नाव देशाबाहेर पडले. १६९१ साली लिमरिकचा तह झाला आणि हरलेले आयरिश सैनिक फ्रान्सला गेले. १७४५ साली फॉन्टेन्वाच्या लढाईत इंग्रजांवर तुटून पडलेल्या आयरिश पलटणींचा सेनापती चार्ल्स ओब्रायनच होता. १८४८ साली विल्यम स्मिथ ओब्रायनने बंड केले, त्याची रवानगी टास्मानियाला झाली. याच सुमारास, १८४५ पासून, बटाट्याच्या पिकावर रोग पडून महाभयंकर दुष्काळ आला होता. सुमारे दहा लाख माणसे मेली, आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात हे आडनाव गल्लोगल्ली पोहोचले ते त्या उपाशी माणसांच्या पाठीवरून. आपल्याकडेही ते आले. कलकत्त्यात १९६७ साली खुली प्रश्नमंजुषा सुरू करणारे नील ओब्रायन त्याच आडनावाचे!

"आणि गळालेला 'ओ'?" मी विचारले.

"आला की परत!" १८९३ साली आयरिश भाषेसाठी गेलिक लीग निघाली. भाषा जागी झाली तशी नावेही जागी झाली, आणि कितीतरी घरांनी आजोबा-पणजोबांनी गाळलेले अक्षर पुन्हा जोडून घेतले. दोनदोनशे वर्षांनी! कुणाला वाटले असेल, ते गेले ते गेलेच.

"पण बाई, तुम्ही तर 'ओ' नव्हे, 'नी' लिहिता!"

"मी नातू कुठाय?" त्या हसल्या. आयरिशमध्ये मुलीने 'ओ' लावायचा नसतो. ती 'नी' लावते, म्हणजे त्या वंशाची लेक. सून झाली की तिथे 'ई' येते. "सरकारी कागदावर मी यजमानांची," त्या म्हणाल्या, "पण शाळेत आणि पुस्तकांवर कायम 'नी व्रीअन'. मास्तरणीनं आपलं व्याकरण सोडू नये!"

मी गप्प झाले. माझ्या एम.ए.च्या पदवीपत्रावर एक आडनाव, पगाराच्या कागदावर दुसरे. मागे एका बँकेतल्या तरुण कारकुनाने पदवीपत्र उलटसुलट करून विचारले होते, "या बाई तुम्हीच कशावरून?" तेव्हा मी विवाहाचा दाखला दाखवून मोकळी झाले. सासरच्या नावाबद्दल माझी तक्रार नाही. वीस-बावीस वर्षांत ते अंगवळणीच नव्हे, अंगाचेच झाले आहे. पण माहेरचे नाव सांगणारे एक साधे अक्षर, एवढीशी 'नी', आपल्या भाषेने मला दिली असती तर? मग स्टूल धरून मी नुसती हसले नसते. म्हटले असते, "उतरलं कसं, अण्णा? मी आहे ना!"

ते तेव्हा सुचले नाही. परवा पाटी पुसता पुसता लेकीला फोनवर हकीकत सांगितली. ती म्हणाली, "आई, पण 'ओ' म्हणजे मुळात नातूच ना? मग अण्णांची नात मी आहेच की!" आयरिश वंशावळी मुलाच्या बाजूने चालतात, लेकीच्या नव्हे, हे मला ठाऊक होते. पण मी तिची चूक दुरुस्त केली नाही. मास्तरणीच्या हातून असे क्वचितच घडते.

पितळ चिंचेने घासून लखलखीत केले. यजमान हातोडी घेऊन दाराशी उभे होते. "अगं, आमच्या पाटीच्या खाली ठोकू की शेजारी?"

"शेजारी," मी म्हटले, आणि स्टूल धरले.