रेघ आणि तिची छायाप्रत

२०१२ च्या आरंभीची गोष्ट. पाठभेद पाहण्यासाठी आम्ही तिघांनी एक लहानशी संगणकीय आज्ञावली लिहिली होती. दोन पोथ्यांतील ओव्या शेजारी-शेजारी आणि भिन्न शब्दांना जोडणाऱ्या रेघा, एवढाच तिचा संसार. खिडक्या, बटणे, रेघा यांसाठी 'क्यूट' हा तयार संच वापरत असू. त्याची ४.७ ही आवृत्ती काढून ४.८ बसवली, आणि ओव्या सरकेनाशा झाल्या. माऊसचे चाक फिरवावे, पान मागाहून रेंगाळत यावे.

संशय गेला आमच्यातील धाकट्यावर. त्याच आठवड्यात त्याने पाठभेदांना फिकट रंगछटा दिल्या होत्या. "तुझ्या हौसेपायी हे झाले," असे आम्ही बोलून गेलो. त्याने निमूटपणे आपले काम उपसून काढले. गती तसूभरही वाढली नाही. खरे तर तेथेच आम्ही ओशाळायला हवे होते.

आज्ञावली चाले तळमजल्यावरील मोठ्या यंत्रावर. आम्ही वरच्या मजल्यावरून, लिनक्सच्या एक्स-११ या व्यवस्थेमार्फत, नेटवर्कवरून ती पाहत असू. एके दिवशी कंटाळून खाली त्या यंत्रापाशीच जाऊन बसलो, तर पान झरझर सरकले!

जुनी आवृत्ती पडद्याला नुसता निरोप धाडी: येथून तेथवर रेघ ओढ. नव्या आवृत्तीने, वेगळे काही सांगितले नाही तर गृहीत धरायची रीत बदलली होती. आता आज्ञावली सारे चित्र स्वतःच ठिपक्याठिपक्यांनी रंगवी आणि ते तयार ठिपके पाठवी. संहितेऐवजी छायाप्रत, म्हणा ना. एकाच यंत्रावर ती सामायिक स्मृतीतून पोचते. नेटवर्कवर मात्र एका रेघेसाठी ठिपक्यांची वरात निघे. हा बदल कोणी लपवलाही नव्हता. बदलांच्या यादीत तो नोंदलेला होता. विद्यार्थ्यांना तळटीपा वाचायला लावणाऱ्या आम्ही ती यादी उघडलीच नव्हती.

आज्ञावली सुरू करताना 'ग्राफिक्ससिस्टम नेटिव्ह' हा पर्याय जोडला आणि ओव्या पूर्ववत सरकू लागल्या. खात्रीसाठी ४.७ ला उलट 'रास्टर' सांगून पाहिले. तीही तशीच रेंगाळली.

रंगछटा त्याच दिवशी परत घातल्या. धाकट्याची क्षमा मागायला मात्र आम्हाला आणखी दोन महिने लागले. डिसेंबर २०१२ मध्ये क्यूट ५ आली, तिच्यात तो पर्यायच उरला नव्हता. या वेळी बदलांची यादी त्यानेच आम्हाला मोठ्याने वाचून दाखवली, आणि आम्ही ४.८ वरच थांबलो.