दांडीवरच्या जागा

बँटम कोंबडी ओंजळीत मावते. ब्रह्मा जातीचा पुरा वाढलेला कोंबडा पाच किलोंच्या पुढे जातो आणि तो उचलायचा तर कमरेत वाकून दोन्ही हात लावावे लागतात. या दोघांना एकाच परसात वाढवावं का? पूर्वी हा प्रश्नच नव्हता. परसात गावरान कोंबड्या असत, थोड्याफार फरकाने सगळ्या एका मापाच्या. आता फॅन्सी पाखरांचा शौक आमच्या कोयनेकाठच्या गावांपर्यंत आला आहे. कुणाचा मुलगा पुण्याहून बँटमची जोडी घेऊन येतो, कुणाकडे ब्रह्माची पिल्लं येतात आणि खुराडं मात्र एकच असतं. मला विचाराल तर कोंबड्या एकत्र राहू द्याव्यात, कोंबडे वेगळे ठेवावेत. पण एकत्र म्हणजे नुसतं एका दारातून आत घेणं नव्हे.

खरी चढाओढ दिसते ती तिन्हीसांजेला. एस.टी.त जागा धरावी तशी एकेक कोंबडी दांडीवर आपली जागा धरते. वरची दांडी मानाची. सगळ्या दांड्या एकाच उंचीवर बांधल्या असतील तर बँटमला तिथे थारा मिळत नाही. मोठी कोंबडी नुसता खांदा लावते आणि छोटी खाली कोपऱ्यातल्या घाणीत जाऊन बसते. रात्रभर तिथे दबून राहिलेलं पाखरू सकाळी सगळ्यांच्या मागून बाहेर येतं, दाण्यापाशी उशिरा पोचतं. काही दिवसांनी हातात घेतलं की छातीचं हाड बोटांना टोचतं. त्याला कुणी मारलेलं नसतं, अंगावर एकही जखम नसते. तरी ते खंगत जातं, आणि हे मला जखमेपेक्षा वाईट वाटतं.

दांड्या पायरीपायरीने बांधल्या की चित्र बदलतं. ब्रह्मा, कोचीन ही जड पाखरं. उंच उडी त्यांना जमत नाही, आणि उंचावरून धपकन उतरलं तर तळपाय दुखावून सुजतो, गाठ धरते. त्यांना जमिनीपासून हातभर उंचीची, रुंद दांडी पुरते. बँटम मात्र एका झेपेत वाशापाशी पोचते. जी जागा मोठीला मिळवताच येत नाही, तिच्यासाठी छोटीला भांडावं लागत नाही. शेजारच्या मावशी खुराडं बांधताना बघत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बारकीला वर वाट दे बाबा. मोठी काय झाडावर चढनार हाय व्हय?" कोंबड्यांविषयी मी जे काही वाचलं, त्यात याहून नेमकं वाक्य मला भेटलेलं नाही.

वर जायची ही ओढ फार जुनी आहे. आमच्या डोंगरात पहाटे राखी रानकोंबडा ओरडतो. त्याची मादी पाऊण किलोच्या आसपास भरते, म्हणजे बँटमच्याच मापाची. पाळीव कोंबडी मुख्यतः ज्याच्यापासून आली तो लाल रानकोंबडाही याच चणीचा. अंधार पडायच्या आत ही रानपाखरं झाडावर चढतात, आणि बँटमला मोकळं सोडलं तर तीही आंब्याची फांदी गाठते. म्हणून तिला मोठ्या कोंबडीची खुजी प्रतिकृती म्हणणं मला पटत नाही. माणसाने ताणून वाढवली ती मोठीच. एकोणिसाव्या शतकात चीनच्या बंदरांतून जड पाखरं इंग्लंड-अमेरिकेत पोचली आणि लोक त्यांच्यापायी वेडावले. १८५२ मध्ये ब्रह्माच्या घराण्यातली नऊ पाखरं अमेरिकेतून राणी व्हिक्टोरियाला नजराणा म्हणून गेली. उलट बाजूने, इंग्लंडच्याच सर जॉन सेब्राइटने कित्येक वर्षं खर्चून पिसापिसाला काळी किनार असलेली इवलीशी बँटम घडवली. तेव्हा माणसाचा हात दोन्हीकडे लागलेला आहे. तरीही मूळ एकमेकांत गुंतलंय. कोंबडीच्या पिवळ्या कातडीचा गुण राखी रानकोंबडीकडून आला, असं २००८ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसून आलं. ब्रह्माचे जाडजूड पिवळे पाय बघताना मला आता आमचा डोंगर आठवतो.

वजनावरून मान ठरतो, असं आपण धरून चालतो. नॉर्वेचा थोर्लेफ श्येल्डेरुप-एब्बे लहानपणापासून कोंबड्यांच्या नोंदी ठेवत असे. कोण कुणाला टोचतं, कोण निमूट बाजूला होतं, हे टिपत त्याने १९२२ मध्ये कोंबड्यांमधली उतरंड जगापुढे मांडली. त्याच्या नोंदींतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे ही उतरंड नेहमी सरळ नसते. पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी उलटून पहिलीलाच! दोन पाखरांची पहिली गाठ कुठे पडली, त्या दिवशी कोण बिचकलं, कोण घरचं होतं आणि कोण नवखं, यावर पुष्कळ काही ठरतं. वयाने मोठी, परसात आधीपासून असलेली बँटम अंगाने तिप्पट असलेल्या नव्या तलंगेला भांड्यापासून हुसकावते, हे मी पाहिलंय. म्हणून मोठ्या कळपात छोटं पाखरू आणायचं तर एकटं आणू नये. आधी जाळीपलीकडे ठेवावं, दोन्ही बाजूंनी एकमेकांना आठवडा-दोन आठवडे बघू द्यावं, मगच जाळी काढावी. सर्वांत उत्तम म्हणजे पिल्लपणापासून एकत्र वाढवणं.

बाकीचं थोडक्यात. दाण्याची भांडी दोन-तीन हवीत आणि तीही एकमेकांपासून लांब. मक्याचा अख्खा दाणा छोटीच्या चोचीला जड जातो, त्याची भरड करावी. कण्या, बाजरी, नाचणी दोघींना चालते. भिंतीला टेकवलेली फळी, उलटं डालगं, करवंदीचं झुडूप अशा आडोशाच्या जागा राखाव्यात, कारण पाठलाग होतो तो मोकळ्या अंगणात. पावसाळ्यात पायावर पिसं असलेल्या पाखरांच्या पिसांत चिखलाचे गोळे धरतात, मग ती मोठी असोत की छोटी, त्यांना कोरडी जागा लागते.

नरांची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे मी तडजोड करत नाही. मोठा कोंबडा बँटम मादीच्या पाठीवर चढला तर तिची पाठ सोलवटते, पंखाखाली नख्यांच्या जखमा होतात, कधी तिला कायमची इजा होते. बँटमचा नर तर वजनाचा विचारच करत नाही. तो स्वतःच्या चौपट कोंबड्यापुढे मान फुलवून उभा राहतो, आणि पायामागच्या काट्याचा एक घाव त्याला पुरतो. त्याच्या या हिमतीचं लोक कौतुक करतात. मला त्यात त्याचं मरण दिसतं. असील बाळगणाऱ्याने तर बँटम जवळपासही ठेवू नये. असीलच्या माद्याही भांडखोर असतात.

आणि तरीही एकत्र ठेवायचा माझा आग्रह का, तर खुडूक बसलेल्या बँटमसाठी. जड पाखरांत अंडी तुडवली जाण्याची भीती असते. बँटम हलकी, पाय उचलून ठेवणारी, आणि एकदा बसली की हटत नाही. तिच्याखाली मोठ्या कोंबडीची अंडी ठेवली की एकविसाव्या दिवशी जी पिल्लं निघतात, ती काही आठवड्यांत आईच्या उंचीची होतात. रात्री मात्र तिच्याच पंखाखाली शिरायला बघतात. डोकं आत, सगळं अंग बाहेर, आणि ती बिचारी पिल्लांच्या पाठींवर अधांतरी उचललेली! पुढे ती त्यांना टोचून तोडते, ती आपापल्या दांडीला लागतात, अंडीही घालू लागतात. पण भांड्यापाशी ती आली, की तिने वाढवलेल्या त्या तीन-तीन किलोंच्या माद्या आजही बाजूला सरकतात. वेगवेगळे कळप केले असते तर हे बघायला मिळालं नसतं.

या खेपेला तिच्याखाली तिची स्वतःची अंडी ठेवायची नाहीत, कारण बँटमची पिल्लं बऱ्याचदा दीड-दोन दिवस आधी फुटतात आणि आई त्यांच्यामागे उठून जाते. ब्रह्माचीच चार ठेवणार आहे. पाचवं तिच्या पिसांच्या बाहेर राहतं आणि गार पडतं.