पोलादपूरची वाट आणि गाडीचा आकडा

मैत्रिणींनो, पुण्याहून कोकणात उतरायच्या वाटा पुष्कळ. ताम्हिणी आहे, वरंध आहे. पण मला विचाराल तर वाई, पाचगणी, महाबळेश्वर करत आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरण्यात जी मजा आहे ती दुसरीकडे नाही. जरा लांबची वाट, पण कृष्णेचा घाट बघावा, ढोल्या गणपतीला हात जोडावेत, आणि पसरणीच्या वळणावर गाडी थांबवून खाली धोम धरणाचं पाणी डोळे भरून पाहावं. उन्हातसुद्धा जीव निवतो.

माझं माहेर पोलादपूरचं. वडील गेल्यापासून आई तिथे एकटीच असते. "तुझ्या चौथ्या मजल्यावर येऊन मी दिवसभर करू काय?" हे तिचं ठरलेलं उत्तर. तेव्हा मीच दर पंधरवड्याला तिच्याकडे जायचं कबूल केलं. त्याच सुमारास आमच्याकडे विजेवरची गाडी आली. आता तुम्ही म्हणाल, प्रवासाच्या गोष्टीत हे गाडीपुराण कशाला? पण या गाडीपायीच मी एकदा पाचगणीहून मागे फिरले, आणि आईने केलेला आमरस तसाच राहिला. म्हणून सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना. आदल्या रात्री आमच्या सोसायटीत दिवे गेलेले, त्यामुळे निघताना बॅटरीत सत्तरच टक्के. गाडी मी चालवत होते, शेजारी हे. खंबाटकीचा घाट चढून उतरलो आणि वाईचा सुरूर फाटा येईपर्यंत तीस टक्के उरले. तिथे एका हॉटेलच्या आवारात फास्ट चार्जर आहे. मिसळ, चहा होईपर्यंत चाळीस मिनिटांत ऐंशी टक्के भरले. हे खूश, मी खूश.

निघालो तर पुढचा पंखा नुसता घरघरतोय. वाई मागे पडली, पसरणीचा घाट लागला आणि समोरच्या पडद्यावरचा आकडा घसरायला लागला. एरवी आमची गाडी एका युनिटला साडेसहा-सात किलोमीटर जाते. (युनिट म्हणजे आपल्या लाइटबिलावरचंच युनिट बरं का! आमच्या बॅटरीत अशी तीस मावतात.) पाचगणीला पोचेपर्यंत एका युनिटला जेमतेम साडेतीन किलोमीटर पडत होते. बॅटरीत अठ्ठावन्न टक्के, आणि पडदा म्हणतोय, अजून साठ किलोमीटर जाल. पोलादपूरही तेवढंच लांब! मध्ये आंबेनळीचा निर्मनुष्य घाट.

"फास्ट चार्जिंगने बॅटरी बिघडली," ह्यांनी निकाल दिला. "फिरव गाडी."

मी फिरवली. टेबललँडच्या रस्त्यालगत उभं राहून आईला फोन केला. ती रागावली नाही. "असू दे. रस फ्रीजमध्ये ठेवते," एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

गंमत म्हणजे परत वाईत उतरलो तेव्हा बॅटरीत साठ टक्के! म्हणजे बारा किलोमीटर चालून दोन टक्के वाढले. "बघ, मीटरच खराब आहे," हे म्हणाले. गाडी तपासून आणली, तर दोष काही नाही. पण त्यानंतर माझ्या एकटीच्या जाण्याला घरातून नकार आला तो आलाच. आई महिना-दीड महिना वाट पाहत राहिली.

मग मी दुधाच्या हिशेबाची जुनी वही काढली. प्रत्येक वेळी किती किलोमीटर, किती टक्के, एसी होता का, चार्जिंग घरचं की बाहेरचं, सगळं लिहायला लागले. माझा भाचा चाकणला मोटारीच्या कारखान्यात आहे. त्याला वही दाखवली तेव्हा तो हसला नाही, हे विशेष. त्याने समजावलं ते आता तुम्हाला आपल्या भाषेत सांगते.

गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायचं तर पंपाला वीज लागते ना? मग दोन माणसं आणि सामान धरून सोळाशे किलोची गाडी वाईहून पाचगणीला, म्हणजे पावणेसहाशे मीटर उंच चढवायची, तर नुसत्या चढण्याचीच अडीच युनिटं होतात. चालण्याची वेगळी. ही वीज काही वाया जात नाही, टाकीतल्या पाण्यासारखी वर साठून राहते. उतारावर पाय उचलला की सायकलच्या डायनामोसारखी मोटरच वीज करू लागते आणि ती बॅटरीत परत जाते. सगळी नाही, पण बराच वाटा. वाईत दोन टक्के वाढले ते असे.

मग फास्ट चार्जिंगचा काहीच दोष नाही? आहे, थोडासा. चाळीस मिनिटांत पंधरा युनिटं आत ढकलली की बॅटरी तापते. गॅस बंद केला तरी कुकर लगेच निवत नाही, तसंच. तिला निववायला गाडी थंड पाणी खेळवते, पंखा फिरवते, वेळेला एसीचा कॉम्प्रेसरही कामाला लावते. हे सगळं गाडी सुरू झाल्यावरही काही वेळ चालतं आणि बॅटरीच्याच जिवावर चालतं. त्यात गाडी मेच्या उन्हात चाळीस मिनिटं उभी. आतला भपकारा घालवायला एसी सुरुवातीला दुप्पट-तिप्पट वीज ओढतो. दोन्ही मिळून पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत अर्धं-पाऊण युनिट जातं. एवढंच!

पण मला ते एवढं मोठं का दिसलं? तर आमच्या गाडीच्या पडद्यावरचा हिशेब चार्जिंग झालं की शून्यापासून सुरू होतो. महिन्याच्या पहिल्याच दिवशी किराणा भरला आणि त्यावरून महिन्याचा खर्च काढला तर काय होईल? तेच झालं. फाट्यापासून पाचगणी बावीस किलोमीटर, त्यातला निम्म्याहून अधिक घाट. त्यावरून गाडीने पुढचे साठ किलोमीटर मोजले. पुढे उतार आहे हे तिला काय ठाऊक!

भाच्याचं म्हणणं मी पडताळून पाहिलं हो. जूनच्या आरंभी साताऱ्याला एक लग्न होतं. मुद्दाम त्याच चार्जरवर गाडी भरली आणि वाईकडे न वळता सरळ हायवेने गेले. पहिल्या दहा किलोमीटरला युनिटमागे पाचच किलोमीटर पडले. साताऱ्याला पोचेपर्यंत आकडा सहाच्या वर गेला होता. वही ह्यांच्यापुढे ठेवली. दोनदा वाचून ते म्हणाले, "पावसाळ्यानंतर जा."

पावसाळ्यात जायचं नव्हतंच. आंबेनळीत दरडी कोसळतात, रस्ता बंद होतो. ऑक्टोबरात निघाले, एकटी. आणि या वेळी दुसरी चूक केली, तीही सांगते. भीती पुरती गेली नव्हती, म्हणून महाबळेश्वरला गाडी शंभर टक्के भरून घेतली. एक तर ऐंशीनंतर चार्जर अगदी सावकाश चालतो. तोंडाशी आलेल्या बाटलीत आपण तेलाची धार बारीक करतो तशी. वेण्णा तलावावर फेरी मारून आले तरी संपेना. आणि घाट उतरायला लागले तर गाडी पाय उचलूनही आवरेना! बॅटरी काठोकाठ भरलेली, उतारावरची वीज ठेवायची कुठे? म्हणून मोटरने धरायचं जवळपास सोडूनच दिलं होतं. सारा भार पायाच्या ब्रेकवर. चार-पाच वळणांनंतर ब्रेकचा जळका वास आला. प्रतापगडाच्या फाट्यावर गाडी उभी केली, चहा घेतला, माकडांपासून पर्स सांभाळली आणि अर्ध्या तासाने हळूहळू उतरले. मैत्रिणींनो, एवढं मात्र लक्षात ठेवा. घाटमाथ्यावर बॅटरी कधी काठोकाठ भरू नका. पंधरा-वीस टक्के जागा रिकामी राहू द्या.

आता माझी पद्धत बसली आहे. रात्री घरीच सावकाश चार्जिंग. आपल्या मीटरवर दहा युनिटं पडली तर बॅटरीत नऊच्या आसपास जातात, पण बाहेरच्यापेक्षा स्वस्त पडतं आणि बॅटरी तापत नाही. वाटेत भरावंच लागलं तर लागेल तेवढंच, आणि गाडी सावलीत. चार्जर सुटायच्या आत, तारेवर असतानाच, एसी लावून गाडी गार करून घेते. म्हणजे ती वीज चार्जरची जाते, बॅटरीची नाही. आणि निघाल्यावर पहिले वीस किलोमीटर त्या आकड्याकडे बघायचंच नाही.

महाबळेश्वरला वेळ असला तर जुन्या क्षेत्री जाऊन येते. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि आमची सावित्री, पाचही नद्या एकाच गोमुखातून पडतात. चौघी कृष्णेत मिळून पूर्वेला जातात. सावित्री तेवढी डोंगर उतरून पोलादपूरवरून पश्चिमेच्या समुद्राला जाते. मीही तिच्याबरोबरच उतरते. तेराशे मीटरचा उतार! माथ्यावर पन्नास टक्के असले तर खाली चोपन्न-पंचावन्न होतात. मे महिन्यात पाचगणीहून मी मागे फिरले नसते तर पोलादपूरला निम्मी बॅटरी घेऊन पोचले असते, हे वहीवरून आज सांगता येतं.

आईकडे स्वयंपाकघराच्या मागे पंधरा अँपिअरचा पॉइंट काढून घेतला आहे. वायरमनकडून अर्थिंग आधी तपासून घेतलं. तुम्हीही घ्या, आणि एक्स्टेन्शनची वायर लावून गाडी मुळीच चार्ज करू नका. रात्रभरात परतीपुरती वीज भरते. आईला गाडीतलं काही कळत नाही, पण घाटाचा हिशेब तिला पाठ झाला आहे. महाबळेश्वरहून मी फोन करते तेव्हा ती आधी "किती टक्के?" विचारते, आणि मग तांदूळ धुवायला घेते.